तीन सहस्रांश

आमची इमारत डोंगराला पाठ टेकून उभी आहे,
जिनोआत अशा पुष्कळ.
खालच्या रस्त्यानं आलात तर दार तळमजल्याला,
वरच्या रस्त्यानं आलात तर एक अरुंद लोखंडी पूल
आणि थेट पाचवा मजला.
त्यामुळे वरचे कोण नि खालचे कोण,
इथूनच आमची प्रत्येक सभा सुरू होते.

नीवेस ओल्चेझे पुलावरून येते, पुलावरून जाते.
जिन्याचा कठडा बदलला त्या वर्षी म्हणाली,
"तीस वर्षांत या पायऱ्यांवर माझं पाऊल पडलं असेल
तर दाखवा."
कुणालाच दाखवता आलं नाही.
पैसे दिले तिनं, पण सगळे नाण्यांत,
आणि मी मोजत बसलो.

आता छप्पर.
आमच्याकडे छपरावर पाटीचा दगड असतो, काळा,
शाळेत ज्याच्यावर बेरीज गिरवली तोच.
नोव्हेंबरच्या वाऱ्यात काही पाट्या निसटल्या
आणि नीवेसच्या उशाशी पातेलं आलं.
ज्याचं गळतं त्यालाच कळतं.
तळमजल्याचा ट्रावेर्सो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो,
चिंध्यानं एकेक बोट पुसत म्हणाला,
"माझ्या डोक्यावर आधीच पाच छतं आहेत, बाई.
सहावं कशाला?"
ती म्हणाली, "पाया माझा नाही
असं मी कधी म्हणाले का?"
म्हणाली होती.
दोन हजार नऊच्या इतिवृत्तात आहे, पान चार.
मी वाचून दाखवलं नाही.

खर्च अठरा हजार चारशे युरो.
वाटणीसाठी एक तक्ता आहे आमच्याकडे,
एकोणीसशे चौतीसचा, जांभळ्या शाईतला:
अख्खं घर म्हणजे हजार भाग,
कुणाची आणेवारी ब्याण्णव, कुणाची एकशे चाळीस,
खिडकीतून समुद्र दिसत असेल तर थोडी चढी.
(समुद्रासमोर आता बँक आहे. भाग तेवढेच.)
या खेपेला मी पहिल्यांदाच बेरीज केली.
नऊशे सत्त्याण्णव.
पुन्हा केली.
गास्पारे नोचेती निवृत्त मास्तर,
त्यानं हवेत बोटानं केली, हातचा धरून.
नऊशे सत्त्याण्णव.

उरलेले तीन, जिन्याखालच्या खोलीचे.
तिथे दारवानबाई राहायची, एर्मेलिंदा,
कोण किती वाजता घरी आलं ते तिला तोंडपाठ.
आता मारिसोल किमीसच्या बादल्या राहतात.
खोली कुणाच्याच नावावर नाही,
म्हणजे पंचावन्न युरो वीस सेंट
कुणाचेच नाहीत.

अठरा हजारांवर वीस मिनिटांत एकमत झालं होतं.
या पंचावन्नांनी दीड तास खाल्ला.
पुलावरचे म्हणाले, खोली खालची.
खालचे म्हणाले, बादल्या वर जातात ना?
तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं,
"मग ज्या बाईच्या बादल्या, तिनंच..."
आणि थांबलं,
कारण खुर्च्या परत न्यायला मारिसोल दारात उभी होती,
केव्हापासून, कोण जाणे.

"ती खोली गळत नाही," ती म्हणाली.
"सगळ्या घरात तेवढीच कोरडी आहे.
तुम्ही कधी आत आलाच नाहीत."
आणि पहिली खुर्ची मिटली.

तक्ता बाजूला ठेवून मग अकरा घरांनी भागलं.
पाच युरो एक सेंट घेतला, तर नऊ सेंट कमी पडतात,
दोन सेंट घेतले, तर दोन उरतात.
"उरू देत," ट्रावेर्सो म्हणाला.
नीवेसनं माझ्याकडे बघत पर्स उघडली
आणि पुन्हा नाणीच काढली.

वसंतात पाट्या बसल्या.
पातेलं स्वयंपाकघरात परत गेलं.
जास्तीची एक पाटी मारिसोलच्या खोलीत आहे,
बादल्यांमागे, भिंतीला टेकून.
माझ्या अहवालात दर वर्षी एक ओळ असते:
शिल्लक, दोन सेंट.
आणि दर वर्षी ट्रावेर्सो हात वर करून विचारतो,
त्यातले माझे किती?