थकव्याची चाचणी

मुलाखतीला आलेल्या पोरांना प्रयोगशाळा दाखवायची,
हे माझं काम. चहा कुठे मिळतो तेही सांगायचं.
घ्यायचं कुणाला, हे मला कुणी विचारत नाही;
तेहतीस वर्षांत एकदाही नाही.

जागा एक. अर्ज दोनशे सहा.
शेफील्डच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर,
पोलादाच्या थकव्यावर साडेतीन वर्षं संशोधन,
फी माफ, आणि दरमहा इतकेच पैसे
की भाडं भरून उरलेल्यात बटाटे यावेत.

सहा जण आले. पाचांनी विचारलं,
यंत्र कोणत्या कंपनीचं, किती किलोन्यूटनचं.
सहावी इमोजेन थॅकरे. रॉदरहॅमची.
पदवीनंतर चार वर्षं बसडेपोत ब्रेक उघडत होती,
नखांच्या कडांना अजून काळी रेघ,
कोट बहुधा बहिणीचा; बाह्या आखूड.
तिनं काही विचारलं नाही. मान कलती करून उभी राहिली,
शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तशी.
म्हणाली, "मागचं बेअरिंग कुरकुरतंय."
मी म्हटलं, यंत्र म्हातारं आहे, कुरकुरणारच.
"म्हातारं नाही," ती म्हणाली, "कोरडं आहे."

आत तिला विचारलं: शोधनिबंध किती?
आमचं दार नीट लागत नाही; मला ऐकू आलं.
एकही नाही, ती म्हणाली,
आणि मग बराच वेळ नुसता खुर्च्यांचा आवाज.

ही अकरावी मुलाखत,
जिना उतरताना तिनंच सांगितलं.
लीड्स, न्यूकॅसल, एकदा तर रात्रीच्या बोटीनं पार डेल्फ्ट.
'आपली पात्रता वादातीत आहे, तथापि'
त्या 'तथापि'च्या पुढचं ती आता वाचत नाही.

मला सांगायचं होतं:
पोलाद एका घावानं मोडत नाही.
सोसवेल एवढाच भार, पण पुन्हा, पुन्हा, पुन्हा,
लाखो वेळा, आणि मग एखाद्या बुधवारी
विशेष काही घडलेलं नसताना
पण हे काय सांगायचं जिना उतरणाऱ्या मुलीला?
मी म्हटलं, पायरी ओली आहे, जपून.

जागा ऑस्विनला गेली. शहाणा मुलगा.
टिपणं नीट ठेवतो, माझ्यासाठी बिस्किटं आणतो.
त्याच्यावर राग नाही.

मार्चमध्ये बेअरिंग बसलं. तीन आठवडे काम बंद.
प्रोफेसर म्हणाले, कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?
मी मान खाली घालून
हातात असलेलाच पाना शोधत राहिलो.

त्या रात्री जागा होतो.
स्वान्सीला माझ्यासारखाच एक जण आहे, ग्विलिम,
त्याच्याही प्रयोगशाळेत त्याला कुणी विचारत नाही.
त्याला लिहिलं: तुमच्याकडे जागा निघाली तर कळव.
एका मुलीचे कान चांगले आहेत.
शिफारसपत्र म्हणतात ते हे नव्हे. मला तसलं लिहिता येत नाही.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबरात, टपालानं एक पाकीट आलं.
आत अंगठ्याएवढा मोडका तुकडा.
भिंगाखाली धरला: भंगलेल्या पृष्ठावर
ओहोटीनं वाळूत सोडाव्यात तशा कमानी,
एकीमागे एक, आणि साऱ्या निघालेल्या
काठावरच्या एका बारीक ओरखड्यातून,
कुणाच्या तरी हलगर्जी हातानं उठलेल्या.

सोबत चिठ्ठी, अक्षर गिचमिड:
"अकरा लाख चाळीस हजार फेऱ्या टिकला.
मला इथे आता दुसरं वर्ष.
तुम्ही तेल घातलंत का?"