वारा पडला त्या दिवशी

सुलखिर कुणी पेरत नाही.
टेकाडाच्या पाठीमागच्या उतारावर,
जिथं वाळू रात्रीतून कूस बदलते,
तिथं एका पावसाच्या ओलीवर
ते गुडघाभर काटेरी झुडूप उभं राहतं,
आणि पहिलं हिंव पडलं की पिवळं होऊन
नुसतं धक्क्याची वाट बघतं.

त्या वर्षी एकशेवीस शेळ्यांतल्या
अकरा उरल्या होत्या.
बाप कोळशाचा ट्रक घेऊन सीमेकडे.
मागं आई, तिची धाकटी जाऊ सेर्जमा, मी,
आणि एक उंटीण, जिला नाव ठेवलं नव्हतं.
(नावं मात्र सगळेच ठेवायचे.)
नाव दिलं की विकताना जड जातं, बाप म्हणे.

आईनं नमद्याचे हातमोजे चढवले,
झुडपाखाली कातडं अंथरलं,
आणि काठी उगारण्याआधी
प्रत्येक बुंध्याला एकदा हात लावून पाहिला.
सेर्जमा म्हणाली, "माफी मागतेस की काय त्याची?"
"माफी कसली. मुळं धरून आहे का बघते.
सैल असेल ते सोडायचं.
गडगडत जाऊ दे, पुढं कुठंतरी सांडेल."

दुपारी थंड मांस,
आणि उन्हाळ्यात माळावर खुडून
मिठात दाबलेली रानकांद्याची पात.
तिच्या वासानं उंटीण मान लांब करून
माझ्या तोंडापाशी आली.
मी अर्धी पात तिला दिली. कुणी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी झोडून झालं.
दाणा, तूस, काटे, किडे, लेंड्या,
सगळ्याची मिळून एक मळकट रास.
उफणायला आईनं तसराळं उचललं
आणि तसंच खाली ठेवलं.

गोबीत वारा पडतो
हे मला तोवर माहीत नव्हतं.
तंबूच्या छपरावरचा धूर
दोरीसारखा सरळ वर गेलेला.
माशी बसली की बसूनच राहायची.

घरात शीळ घातली म्हणून
त्याच उन्हाळ्यात तिनं मला दोनदा बडवलं होतं.
वादळाला काय आवतण देतोस, कार्ट्या?
आता ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.
दूरवर पाहिलं. आणखी दूरवर पाहिलं.
मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "घाल."
"काय?"
"तुला ठाऊक आहे काय."

माझे पुढचे दोन दात पडलेले.
पहिली शीळ नुसती थुंकी झाली.
सेर्जमा हसता हसता कातड्यावर बसली.
दुसरी लंगडत निघाली.
तिसरीला राशीवरचं एक तूस
जरासं उठलं, बसलं,
पुन्हा उठलं.

आला.
आईनं तसराळं डोक्यावर धरलं.
दाणा पायाशी, तूस पलीकडे,
एक वाटी चहा निवेल एवढा वेळ
सगळं जिथल्या तिथं पडत होतं.

मग तो थांबेना.
शिळेला उलटी शीळ नसते.
आम्ही तिघं राशीवर पालथे पडलो,
पोटाखाली दाणे, पाठीवर वाळू,
आणि आईचा हात माझ्या मानेवर,
मारायला की धरायला, कळलं नाही.

संध्याकाळी दोन पोत्यांचं
पाऊण पोतं भरलं.
आईनं तोंडातली वाळू थुंकली.
"अर्धं त्याचं होतंच."
सेर्जमा म्हणाली, "अर्ध्याहून जास्त गेलं."
"मग जास्त त्याचं होतं."

हिवाळाभर ते भाजून, दळून
खारट चहात कालवून खाल्लं.
प्रत्येक घोटाला दाताखाली कचकच.
मी थुंकायला लागलो की आई म्हणे,
"चाव. तेवढं तरी आपण परत आणलंय."

पुढच्या पावसानंतर कुणी सांगत आलं,
तुमच्या जुन्या तळाच्या उगवतीला
हिरवा पट्टा उठलाय, लांबच लांब.
आम्ही तोवर दुसरीकडे होतो.
तिथं कुणाचे उंट चरले, माहीत नाही.

आमची उंटीण वसंतातच विकली होती.
आदल्या रात्री सेर्जमानं तिच्या कानात
एक नाव सांगितलं.
मी जागा होतो. मला ऐकू आलं.