भांगाचे दिवस

अलिबागला डॉक्टर मुकादमबाईंनी पडद्यावर दाखवलं,
ती बघा झडप.
काळ्या पाण्यात पांढरं काहीतरी
उघडत होतं, मिटत होतं,
मिटताना एका बाजूनं जरा मागं कलत होतं
आणि तिथून रक्त उलटं फिरत होतं.
आवाजही ऐकवला. फस्स, फस्स.
मी म्हटलं, बाई, ही तर उघाडी.
त्या मूळच्या खाडीकाठच्या. लगेच समजल्या.

आमच्या बांधातली उघाडी बापाच्या हातची.
ओहोटीला शेतातलं गोडं पाणी जाऊ द्यायचं,
भरतीला खाडीचं आत येऊ द्यायचं नाही,
एवढंच काम, दिवसातून दोनदा.
हिचं मिनिटाला बहात्तर वेळा,
छप्पन्न वर्षं, सुट्टी नाही.

बाप दर अमावस्येआधी चिखलात उतरायचा,
अंगठ्यानं लाकूड दाबून बघायचा.
एका वर्षी म्हणाला, मऊ लागतंय, काढूया.
गाव म्हणालं, चालतंय की अजून,
लावणी तोंडावर आलीय, थेंबभर तर येतंय.
भादव्याच्या उधाणाला फळकूट गेलं.
नवं आम्ही आठवड्यात बसवलं.
जमिनीला ते कळायला तीन पावसाळे लागले.
तोवर तिथं रता भातही धरला नाही,
निवटे उड्या मारायचे.

बाईंनी आकडे वाचले :
चौतीस, मग सदतीस, आता एकोणचाळीस मिलिमीटर.
मी म्हटलं, चाळीसला करतात ना?
म्हणाल्या, चाळीस गाठल्याचं बक्षीस नसतं.
ताणलेला स्नायू मागाहून परत येईलच असं नाही.
दम लागतो का?
नाही.
जिना चढताना?
आमच्या घराला जिना नाही.

सुगंधा म्हणते, काही होत नसताना
धडधाकट माणसाची छाती कशाला उघडायची?
थोरला म्हणतो, आत्ताच करा.
धाकटी म्हणते, आणखी एकाला दाखवू.
पोयनाडच्या मेहुण्याची झडप धातूची,
रक्त पातळ ठेवायची गोळी रोज,
म्हणून मासळी त्याची बायको कापते.
'ती आधीही कापायची,' सुगंधा म्हणाली.
मी ठरवलं, दम लागला की बघू.

आज सकाळी बांधावरून निघालो.
पुढं बोंबल्या.
दुसऱ्या वळणावर, तिवरांची सावली सुरू होते तिथं,
तो बसला.
मी अजून वीस पावलं मागं होतो.
शेपटी चिखलात, तोंड माझ्याकडं.
याला कुणी सांगितलं मी इथं थांबतो?
इथं मी बगळे बघतो.
इथं चपलेतला खडा काढतो.
इथं हिराजी भोईरला हाक मारतो,
तो शेतात नसला तरी.
कुत्र्याला सवय लागायला किती दिवस लागतात?

उघाडीत उतरलो, फळकूट दाबलं.
कडक होतं.
तिथंच पाण्यात थोडा वेळ उभा राहिलो.
छातीला असा अंगठा लावता येत नाही.

घरी येऊन पंचांग काढलं.
लाकूड बदलायचं ते अष्टमीच्या आगेमागे, भांगाला,
पाणी तेव्हा कमी चढतं, कमी उतरतं,
माणसाला हात घालू देतं.
उधाण आल्यावर तो दुरुस्ती नव्हे,
बाप म्हणायचा, धावपळ म्हणतात त्याला.
आतल्या पाण्याला तिथी नसते, ठाऊक आहे मला.
तरी फोन करून विचारलं,
बाई, वद्य अष्टमीच्या सुमारास जमेल?
त्या हसल्या. तारीख सांगा हो.
सांगितली.
मुंबईच्या सर्जनशी बोलून कळवते, म्हणाल्या.
आणि दम?
लागतो, मी म्हटलं.
कधीपासून?
मी कुत्र्याकडं बघितलं.