चाळीस ओळी कमी

औलूत दुपारी तीनलाच काळोख पडतो.
इर्मेली खिडकीकडे पाठ करून बसते
आणि कर्नलचं दार जिथे बसवतात
ती फाइल उघडते.

मशीन जागं होताना
प्रत्येक प्रोसेसरच्या कानात सांगायचं असतं:
कुणी हाक मारली, तर इथे उडी घे.
एवढंच. एका वाक्याचं काम.
पण तीन फंक्शनं तेच वाक्य
तीन घोगऱ्या आवाजांत म्हणतायत,
मधे अटी, अटींच्या पोटात अटी,
आणि एक टीप: ‘हे काढू नये. तौनो.’
कारण नाही. तारीख नाही.
तौनो निवृत्त होऊन केमीला बोटी दुरुस्त करतो.

ती काढते.
पहिल्या फटक्यात एकोणचाळीस.
तळघरातला जुना डबासुद्धा
कुरकुरत का होईना, उठतो.
मग हाताला चटक लागते: अजून दोन.

डबा गप्प.
पडद्यावर कर्सरही नाही.

कॉफी थंड होऊन साय धरते, तेव्हा उमगतं:
त्या दोनांतली एक सांगत होती,
पाहुण्याचा एक पाय आत, एक बाहेर असताना
मागून कुणी हाक मारू नका.

ती ओळ परत जागेवर ठेवते,
टिपेत कारण लिहिते, दीड ओळीत.
तौनोचं नाव राहू देते.

बाहेर बर्फ ढकलणारी गाडी खरवडत जाते.
डब्यावरचा एक फुटकळ प्रोग्राम म्हणतो, वाच.
हाक आत जाते, अक्षरं बाहेर येतात.
त्याला काय,
दार होतं तिथेच आहे.