कमानपाटा

पर्समध्ये दोनशे सत्तर.
येळ्ळूरहून बस फुकट, आधार दाखवलं की झिरोचं तिकीट,
म्हणून सत्तर. नाहीतर तीसच म्हणायचे.

घरची सुरी मुठीतून निखळते.
सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दोन महिने काढले.
खरं सोमवारपासून उद्यमबागेत
फौंड्रीच्या गेटवर बावीस डबे पोचवायचेत,
बावीस डब्यांचा कांदा ट्यूबवर निभायचा नाही.
टोमॅटो तर हल्ली कापलाच जात नाही,
नुसता दबतो
आणि बाजूनं रडतो.

खडेबाजारात काचेचं दुकान.
लाकडी ठोकळ्यात उभ्या सहा सुऱ्या,
पोपटी, लाल, जांभळ्या मुठींच्या. तीनशे नव्व्याण्णव.
पोरगा म्हणाला, मावशी, हिशेब करा की,
एक पडते सदुसष्टला.
केला हिशेब.
सहातल्या पाच मला नकोत.
एक ब्रेडची. आमच्यात पाव तोडून खातात.
एक चीजची, पात्याला भोकं पाडलेली.
उरलेल्यांतली एक बोटानं वाकवून बघितली,
वाकली, पत्त्यातल्या दुर्रीसारखी.

शेजारच्या दुकानात जर्मन म्हणे. नऊशे.
हातात घेतली
आणि लगेच खाली ठेवली,
परक्याचं झोपलेलं लेकरू ठेवावं तशी.

पुढं बोळाच्या तोंडाला
मल्लव्वा कंबार पोतं पसरून बसते.
खुरपी, विळे, आडकित्ते, उलथनी,
आणि कडेला काळ्या सुऱ्या. पॉलिश नाही,
हातोड्याचे वण तसेच अंगावर.
एनु बेकु?
सुरी.
चूरी, ती म्हणाली, चूक सुधारल्यासारखी.
सुरी, मी म्हणाले.
हसलो नाही.
दोघींनाही घाई होती.

लोखंड कसलं विचारलं
तर रस्त्यावर उभा ट्रक दाखवला तिनं,
मग बोट खाली, ट्रकच्या पोटाकडं.
कमानपाटा.
गोव्याची खेप करून करून
चोर्ल्याच्या घाटात कधीतरी मोडलेला.
एवढी वळणं सोसलेलं लोखंड,
मला बरं वाटलं उगीच.

एष्टु?
नूरा एंभत्तु.
माझं कानडी शंभरापर्यंत धड चालतं,
पुढं बोटं लागतात. एकशे ऐंशी.
कम्मी माडरी, म्हणाले, जमेल तेवढं गोड.
ती मराठीत म्हणाली,
कोळसा कुठं कमी होतोय बाई.

कागद दे, म्हणाली.
पर्समधली वाण्याची यादी दिली.
तिनं हवेत धरली, सुरी वरून नुसती सोडली,
आणि यादीचे दोन तुकडे.
एकीकडं तेल, तूरडाळ, जिरं,
दुसरीकडं मीठ
आणि मागची उधारी.
उधारीचा तुकडा वाऱ्यानं नाल्याकडं निघाला,
मी चपलेखाली धरला.

शंभराच्या दोन नोटा दिल्या,
वीस परत आले, वर एक पाचाचं नाणं.
हे कशाला?
मल्लव्वानं मान हलवली फक्त.
सुरी माझ्या हातात दिली नाही,
पोत्यावर ठेवली, मी उचलली.
हे तिच्याकडंही असतं तर.

भिजत टाकू नको. पुसून तेलाचं बोट फिरव.
बोथटली की शनिवारी आण,
साणेचे पैसे घेत नाही.

छोटी घ्यायची होती, लसणासाठी. नव्वदला.
पंच्याण्णव उरले होते खरे,
त्यात कांदे आले.
लसूण जुन्या सुरीवर.
नवी ट्यूब बांधली तिला, घट्ट.

सोमवारी पहाटे पहिला कांदा.
पातं गेलं ते कळलंच नाही,
पाटावरचा आवाज मागून आला.
चौथ्या कांद्याला अंगठा.
हळद दाबली, फडकं बांधलं,
बावीस डबे बाराच्या भोंग्याआधी गेटवर.

शनिवारी मल्लव्वाला सांगायचंय.
अंगठ्याचं आधी, का डब्यांचं,
ते बसमध्ये ठरवीन.