वीस पावलं

कारवानी जातीची, आठ महिन्यांची,
आणि पंख्याला भिते.
गेनबाकाका म्हणाला, "हिची आजी
सुप्याच्या माळावर कोल्ह्याला दमवून सोडायची,
आणि ही बघ,
सायकलची घंटी वाजली की बाजेखाली."

बाजेखाली वाकलं की दोनच गोष्टी दिसत:
लांब नाक,
आणि नाकामागची थरथर.
शेवरी नाव मीच ठेवलं.
फुंकर मारली तर उडेल असं होतं सगळं.

काकाची बंदूक, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची,
निवडणुकीत हडपसरला जमा झाली होती.
पावती काकूनं मिरच्यांच्या डब्यात ठेवली
आणि परत आणायला कुणी गेलं नाही.
शिकवणी मात्र बंदुकीचीच.
रोज दिवेलागणीला दूध-भाकरीची परात शेवरीपुढं,
आणि मी वीस पावलांवर
जर्मनचं पातेलं आणि उलथनं घेऊन.
एकदाच वाजवायचं. हळू.
"तिच्याकडं बघू नकोस," काका सांगायचा.
"तू बघितलंस की तिला वाटतं
यात बघण्यासारखं काहीतरी आहे."

पहिल्या दिवशी भाकरी कोंबड्यांनी खाल्ली.
पाचव्या दिवशी तिनं दूध चाटलं,
एक कान माझ्याकडं ठेवून.
अकराव्या दिवशी मी दहा पावलांवर आले होते,
आणि त्याच रात्री फुरसुंगीत कुणाच्या तरी वरातीत
सुतळी बॉम्ब.
सकाळी ती सापडली तीन शेतं पलीकडं,
पाण्याच्या पाटात, पोटापर्यंत ओली.
काका रागावला नाही.
बिडी संपवली, थोटूक चपलेखाली चिरडलं,
म्हणाला, "चल. वीस."

(हाच काका दिवाळीत
कानात कापूस घालून बसायचा.
मला माहीत होतं. काकूलाही.
पातेल्याच्या वेळी तो हटकून गोठ्यात जायचा,
म्हशीला काहीतरी हवं असायचं.)

ससा धरला तर वनखात्याची जीप दारात,
म्हणून बोकडाचं वाळकं कातडं
काथ्यानं लुनाच्या मागं बांधलं.
काका पुढं, कातडं मागं उड्या मारतंय,
मधे धूळ,
आणि शेवरी उलट्या दिशेनं, घराकडं.
तीन दिवस असंच.
चौथ्या दिवशी लुना बंद पडली.
कातडं गप्प झालं.
ती आली, वास घेतला, एक पाय ठेवून बघितला.
काकानं पेडल मारलं.

मग ती पळाली.
मी तोवर कुत्री पळताना बघितली होती,
पण हे वेगळं होतं.
चारी पाय जमिनीवरून सुटायचे
आणि पाठ पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखी
वाकायची, सुटायची, वाकायची.
आपण एवढे दिवस बाजेखाली काय कोंबलं होतं
ते तिलाही तेव्हाच कळलं असावं.

मार्गशीर्षात, फटफटायच्या आत,
काका आम्हाला वडकीच्या माळावर घेऊन गेला.
माळ आता चुन्याच्या रेघांनी आखलेला,
प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात एक रंगवलेला दगड.
बारा नंबरच्या प्लॉटमधून ससा उठला.
खराखुरा.
कातडं नव्हे, काथ्या नव्हे.
शेवरी सुटली. तेरा, चौदा, अठरा,
रेघा पुसत गेली,
आणि ससा शिरला
ड्रेनेजसाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या नळीत.

ती नळीच्या तोंडाशी थांबली.
आत शिरली नाही, भुंकली नाही.
पुढचे पाय पसरून आडवी झाली,
हनुवटी पायांवर,
एखाद्याच्या उठण्याची वाट बघावी तशी.
काकानं शीळ घालायला दोन बोटं तोंडात घातली.
तशीच राहिली.

तेवढ्यात सासवड रोडला
ट्रकचं टायर फुटलं.

माझे डोळे मिटले गेले.
काकाचे दोन्ही हात कानांवर,
बोटं अजून ओली.

शेवरीचा एक कान हलला.
आमच्याकडं तिनं बघितलं नाही.