थॉर्नलीच्या फरश्या

खानापुरात, जुन्या रेशन दुकानाच्या दोन खोल्यांत
एडविन थॉर्नलीच्या एकशे सतरा फरश्या आहेत.
परवापर्यंत एकशे अठरा होत्या.
झाडताना एक निसटली नीलव्वाच्या हातून.
ती रडली. मी म्हटलं, रडू नको गं,
साहेबाच्या भट्टीतच निम्म्या फुटायच्या.
खरं मला रात्री झोप लागली नाही.

तिकीट दहा रुपये, पोरांना पाच.
आज चौघं आले,
त्यातले दोघं लोंढ्याची गाडी चुकली म्हणून
पंख्याखाली टेकायला.
बसा की.
पंखा राणीच्या काळातला नाही,
माझ्या मेहुण्यानं दिलेला आहे.

बसलाच आहात तर ही बघा, पहिल्या कपाटातली.
सन अठराशे एकाहत्तर.
विलायती वेल, पाच टोकांचं पान,
कंपासनं मोजून काढलेलं
आणि मोजता मोजता मेलेलं.
त्याच्या आईच्या भिंतीवर चढत असणार ती कधीकाळी.
साहेबानं मलप्रभेच्या मातीकडून
ते पान पाठ करून घ्यायचं ठरवलं.
माती ऐकेना. भट्टीत तडकायची
बरोब्बर देठापाशी.

चौतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली,
वेल काढा म्हटलं की पोरं
हेच पान काढायची, न बघितलेलं.
मीही पूर्ण मार्क द्यायचो.

आता ही, तीन वर्षांनंतरची.
हात लावा, मी तिकडं बघतो.
पान बदललंय. करवंदीचं.
टोक बोथट, पानं जोडीनं, मध्ये काटा.
साहेबाच्या वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे,
मुंगीएवढ्या इंग्रजीत :
सातेरी कुंभाराची बायको हसली.
बस्स.
कशाला हसली, लिहिलं नाही.
मराठीत हसली की कन्नडात, तेही नाही.

तिचं नाव शोधत मी
कॅम्पातल्या चर्चची दप्तरं चाळली,
तहसीलची चाळली, कुंभारगल्लीत सात घरी चहा प्यालो.
साहेबाच्या थडग्याला संगमरवर आहे,
घोड्याचंसुद्धा नाव आहे वहीत, डेझी.

मग एकदा धूळ पुसायला फरशी उलटी केली
आणि मागं, ओल्या मातीत कधीतरी रुतलेला,
एक अंगठा. लहान. कडेला नखाची कोर.
दुसरी उलटली. तोच.
करवंदीच्या सगळ्या फरश्यांना तोच,
विलायती वेलीच्या एकीलाही नाही.

म्हणून पलीकडच्या खोलीत फरश्या उलट्या लावल्यात.
बेंगळूरहून आलेले तज्ज्ञ म्हणाले, चूक झालीय तुमची.
म्हटलं, झालीय खरी, दीडशे वर्षांपूर्वी.
नीलव्वानं एकदा त्या खुणेत अंगठा घालून बघितला.
वाटलं, आता काहीतरी होणार.
माझा मोठा हाय, म्हणाली,
आणि चहा टाकायला गेली.

बाहेरची पाटी तीनदा रंगवून झाली.
अक्षरं कुठली वर, कुठली खाली, केवढी,
दर खेपेला नवीन माणूस येऊन सांगून जातो.
एकानं विचारलं, साहेब नेमका कुणाचा,
इकडचा का तिकडचा?
लँकेशायरचा, म्हटलं.
तो वहीत लिहून घेऊन गेला.

फुटलेलीचे तुकडे बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत.
संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी उघडून बघितले.
देठापाशी नाही तुटली.
भलतीकडंच तुटलीय, पानाच्या पोटातून,
आणि आत, लाल मातीत,
भाताच्या तुसाएवढी एक पोकळी आहे.
तूस केव्हाच जळून गेलं.
शिरा तेवढ्या राहिल्यात, मोजता येतील इतक्या.

गाडी आली वाटतं तुमची.
नाही? मालगाडी आहे.
बसा मग अजून जरा.